शनिवार रात्रीची डीपी

मे महिन्यात लोणावळ्यात रात्री दिवे गेले की वायरमनला येणाऱ्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न तोच असतो : "लोडशेडिंग परत सुरू झालं का हो?"

चाळिशी ओलांडलेल्या मावळकराच्या तोंडी हा प्रश्न येणारच. २००५ नंतरच्या सहा-सात वर्षांत राज्यात विजेची मागणी आणि पुरवठा यांच्यात चार-पाच हजार मेगावॅटचा खड्डा होता. २००६ मध्ये पुण्याने त्यावर तोड काढली. उद्योगांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची आणि वाढीव खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल करायचा. वीज नियामक आयोगाने त्याला मान्यताही दिली. पण ही सोय पुणे आणि पिंपरी-चिंचवडपुरती होती. मावळातल्या गावांच्या वाट्याला वेळापत्रकच राहिलं. पुढे वीजगळती आणि वसुलीनुसार फीडरचे, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्यांचे, 'ए' ते 'जी' असे गट पडले आणि भारनियमन हळूहळू शेवटच्या गटांपुरतं उरलं. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई आणि उन्हाळा एकदम आले, महावितरणची मागणी २५ हजार मेगावॅटच्या आसपास गेली, तेव्हाही कात्री लागली ती मुख्यतः याच जास्त गळतीच्या फीडरना.

खऱ्या भारनियमनामागे वरून आलेला आदेश असतो. शनिवारी रात्री साडेदहाला कार्ल्याच्या एका आळीत अंधार आणि पलीकडच्या आळीत झगझगाट, असं दिसलं तर राज्यात वीज कमी पडलेली नसते. कमी पडलेली असते ती कोपऱ्यावरची डीपी.

हिशेब साधा आहे. शंभर केव्हीएची डीपी, म्हणजे वितरण रोहित्र, ढोबळमानाने नव्वद किलोवॅटचा भार पेलते. दीड टनाचा एक एसी दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो. छतावरचा साधा पंखा पाऊणशे वॅटचा धरला तर एका एसीत वीस पंखे झाले. भाड्याने दिलेल्या बंगल्यात पाच एसी सहज असतात. असे दहा बंगले एका डीपीवर असले की नुसत्या एसींचे पंच्याहत्तर किलोवॅट भरले. पोहण्याच्या तलावाचा पंप, गीझर, फ्रीज आणि मुळात जिच्यासाठी डीपी बसवली ती गावातली तीस-चाळीस घरं अजून मोजायचीच आहेत.

मग अशी डीपी बसवतात तरी कशी? वीजजाळं कुठलंही असो, ते एका गृहीतकावर उभं असतं : सगळे ग्राहक सगळी उपकरणं एकाच वेळी लावत नाहीत. एकाकडे इस्त्री चालू असते तेव्हा दुसऱ्याकडे मिक्सर बंद असतो. वर्षातले बहुतेक दिवस हे खरं ठरतं, म्हणून तारा आणि रोहित्रं परवडतात. उकाडा नेमकं हेच गृहीतक मोडतो. रात्री दहानंतर प्रत्येकाला एकच गोष्ट, एकाच वेळी आणि सकाळपर्यंत हवी असते. लोणावळ्यात त्यात शनिवारची भर पडते. तुंगार्ली, वरसोली, मळवली, पवनानगर भागात बुधवारी कुलूप असलेले बंगले शनिवारी संध्याकाळी एकदम भरतात. हवामान खात्याच्या निकषांत डोंगराळ भागासाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३० अंशांचा आहे, मैदानी भागात तो ४० आहे. लोणावळा सव्वासहाशे मीटर उंचीवर आहे खरा, पण मुंबईहून गारव्यासाठी आलेला पाहुणा दारात गाडी लावतो आणि रिमोट शोधतो. पैसे दिलेत तर एसी १८ वर, असा त्याचा न्याय. जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळात २४ अंशांवर लावलेले येतात आणि प्रत्येक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. त्याच्या गावीही हे नसतं.

डीपीलाही रात्रीचा गारवा लागतो. दिवसभर तापलेलं तिच्यातलं तेल पहाटेपर्यंत निवायला हवं. रात्रच उकाड्याची गेली तर सकाळचा भार गरम तेलावरच येतो. तापमान नेहमी सहा अंश जास्त राहिलं की आतल्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. डीपी जाण्याआधी दिवे 'डिम' होतात. दाब उतरला की मोटारी जास्त करंट ओढतात, तारा आणखी तापतात, मग किटकॅटमधला फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी जाड तार बांधली की त्या रात्रीपुरती टाळ्या मिळतात. नंतर फ्यूज टिकतो आणि डीपी जाते.

दुसरा घोटाळा वरच्या तारांवर होतो. तापलेल्या तारेला झोळ येतो, ती फांदीला टेकते आणि उपकेंद्रात फीडर ट्रिप होतो. मेअखेरीस वळिवाची सर येते तेव्हा उन्हात भाजलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर गार थेंब पडतात, बारीक तडे जातात, पाणी आत शिरतं आणि इन्सुलेटर 'पंक्चर' होतो. वाऱ्याचा मागमूस नसताना पहिल्या शिंतोड्याला वीज का जाते, याचं उत्तर इथे आहे. असा तडा खालून दिसत नाही. वायरमन एकेक एबी स्विच उघडतो, लाइनचा तेवढा तुकडा वेगळा काढतो, उपकेंद्राला चार्ज करायला सांगतो, परत ट्रिप झाला की पुढच्या खांबाकडे जातो. डोंगरउतारावर, झाडीत, रात्री, बॅटरीच्या उजेडात. गुरुवारी दिवसा देखभालीसाठी वीज बंद ठेवली की आपण कुरकुरतो. फांद्या तोडायच्या आणि इन्सुलेटर बदलायचे असतात ते त्याच वेळेत.

आणि हे सगळं घडतं कुठे, तर देशातल्या सर्वात जुन्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पांपैकी एकाच्या उशाशी. टाटांच्या प्रकल्पाची कोनशिला १९११ मध्ये लोणावळ्यातच बसली. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांचं पाणी घाटाखाली पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून पडतं आणि १९१५ पासून खोपोलीत वीज होते. तिचे पहिले गिऱ्हाईक मुंबईच्या कापडगिरण्या. पाठोपाठ मावळातल्याच ठोकरवाडीच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरी सुरू झालं आणि मुळशीच्या पाण्यावर १९२७ मध्ये भिरा. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर त्या धरणाविरुद्ध जो लढा दिला तो सर्वांना ठाऊक आहे. पाणी इथलं, बुडीत इथलं, उजेड मुंबईला, ही तक्रार शंभर वर्षं जुनी आहे आणि इतिहास म्हणून रास्त आहे. पण शनिवारच्या अंधाराला ती लावणं बरोबर नाही. खोपोलीची सगळी ७२ मेगावॅट वीज उद्या मावळाला दिली तरी कार्ल्याची ती डीपी शंभर केव्हीएचीच राहील.

या तलावांचं मोल मात्र उन्हाळ्यात वाढतं. औष्णिक संच थंड पडलेला असेल तर सुरू व्हायला काही तास घेतो; पाण्यावरचं जनित्र काही मिनिटांत भार उचलतं. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटवर पोचली, ती दुपारी. दुपारी सौरऊर्जा हाताशी असते. पंचाईत सूर्य मावळल्यावर होते, एसी चालू आणि सौर पटल बंद. म्हणून तर टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी शिरोत्याला १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. दिवसाच्या स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं आणि रात्री सोडायचं, अशी ती योजना. दरातही तोच विचार शिरला आहे : स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत सवलत मिळते.

गल्लीतलं उत्तर यापेक्षा बरंच रुक्ष आहे. बंगल्याचं कनेक्शन पाच किलोवॅट मंजूर भाराचं असतं आणि वापर पंधराचा. मालकाला स्थिर आकार वाढायला नको, म्हणून भारवाढीचा अर्ज होत नाही. महावितरणच्या कागदावर त्यामुळे ती डीपी रिकामी दिसते. मोठी डीपी मागायला गेलं तर कागदावरचाच आकडा आडवा येतो. यात भरडलं जातं गाव, ज्याच्या घरात बहुधा दोन पंखे आणि एक फ्रीज असतो. तेव्हा ग्रामपंचायतीने बंगल्यांकडून कर घेताना त्यांचा मंजूर भार किती, हेही विचारावं, असं मला वाटतं. आणि दिवे गेल्यावर वायरमनच्या खासगी मोबाइलऐवजी १९१२ वर तक्रार नोंदवावी. वीज परत आणायला किती वेळ लागावा, याच्या आयोगाने ठरवलेल्या मर्यादा शहरी आणि ग्रामीण भागासाठी वेगळ्या आहेत. त्या मोडल्या तर भरपाईही आहे, पण तिचं घड्याळ तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय सुरू होत नाही.