२,१४,७४,८३,६४७ : मूळ संख्या, पण संगणकासाठी भिंत

१९ जानेवारी २०३८, मंगळवार. भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील. पुढच्याच सेकंदाला जुन्या पद्धतीने वेळ मोजणारे संगणक थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पोहोचतील. त्याचे कारण एक दहा अंकी संख्या आहे : २,१४,७४,८३,६४७.

२ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला, की ही संख्या मिळते. गणितज्ञांना ती संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे, कारण ती मूळ संख्या आहे. १७७२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने हे सिद्ध केले, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. सरळ मार्गाने जायचे तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावे लागते. त्या साडेचार हजारांहून जास्त आहेत. ऑयलरने आधी चाळणी लावली. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. या अटीत बसणाऱ्या मूळ संख्या शंभराच्या आतच आहेत. त्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही.

तिला २ च्या ३० व्या घाताने गुणले, की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज बाकी विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते अशी. यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधणार नाही, कारण तिचा उपयोग काहीच नाही, असे इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहिले. अंदाज साफ चुकला.

संगणकाचा संबंध वेगळाच. ३२ बिटांतला एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी गेला, की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. तिच्यात १ मिळवला, तर चिन्हाचा बिट उलटतो आणि उत्तर येते उणे २,१४,७४,८३,६४८. २०१४ मध्ये 'गंगनम स्टाईल' या गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही मर्यादा ओलांडली, आणि यूट्यूबला मोजणी ६४ बिटांवर न्यावी लागली.

गाण्याचे ठीक आहे, वेळेचे काय? अनेक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, आणि ते २०३८ मध्ये या आकड्यावर पोहोचतात. अडचण तोवर थांबणारही नाही : आज घेतलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्या तारखेच्या पलीकडे पडतो.

उपाय तोच, ६४ बिट. त्यात सुमारे २९२ अब्ज वर्षांचे सेकंद मावतात. तिथली कमाल संख्या, २ चा ६३ वा घात वजा १, हिला मात्र ७ ने भाग जातो. संगणकाला त्याचे काही नाही.