जीप गाडी : तिचा इतिहास व शेतकऱ्यास तिचा उपयोग

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या बीड जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या दारापुढें उंच व दणकट गाड्या दिसूं लागल्या आहेत. उसाचें बिल हातीं आलें, अथवा रस्त्यांत गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळाला, कीं घरांतील तरुण मंडळींचा पहिला आग्रह अशा गाडीचा असतो. गाडी घ्यावी कीं घेऊं नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु जी वस्तु घ्यावयाची ती मुळांत कशासाठीं निर्माण झाली, तिच्या अंगीं कोणतें सामर्थ्य आहे आणि कोणतें नाहीं, हें अगोदर समजून घेणें हिताचें होय. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां तहसील कचेरीच्या जीपमधून या जिल्ह्यांतील पुष्कळ शिवारें पाहिलीं, आणि सेवानिवृत्तीनंतर स्वतः एक जुनी जीप घेऊन तिचें सुखदुःखही भोगलें. त्या अनुभवाच्या आधारें चार गोष्टी आमच्या शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

जीपचा जन्म

जीप हें लढाईचें अपत्य आहे. दुसरें महायुद्ध युरोपांत पेटलें असतां १९४० सालीं अमेरिकेच्या लष्करानें हलकी, चपळ व वाटेल त्या वाटेनें जाणारी गाडी कारखानदारांकडून मागविली. बॅन्टम नांवाच्या एका लहान कंपनीनें पहिला नमुना त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तयार करून दिला. पुढें विलीस-ओव्हरलँड कंपनीची गाडी तिच्या साठ अश्वशक्तीच्या जोरकस इंजिनामुळें सरस ठरली, आणि मागणी फार मोठी असल्यामुळें फोर्ड कंपनीसही त्याच बेताच्या गाड्या बनविण्याचें काम देण्यांत आलें. १९४५ पर्यंत या दोन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या.

रणांगणावर साध्या पान्यांनीं दुरुस्त करतां यावी, असा या गाडीचा घाट होता. तिला दरवाजे नव्हते, शोभा नव्हती. जें नसलें तरी चालेल तें ठेवलेंच नव्हतें. युद्ध संपतांच १९४५ सालीं विलीस कंपनीनें तीच गाडी नागरी उपयोगासाठीं बाजारांत आणली, आणि गिऱ्हाईक म्हणून तिनें प्रथम शेतकऱ्याकडे पाहिलें. मागें उघडणारें फळकूट, अवजार ओढण्याचा दांडा, आणि इंजिनाच्या जोरावर इतर यंत्रें फिरविण्याची सोय, जिला आमचे ट्रॅक्टरवाले पी. टी. ओ. म्हणतात ती, असें सर्व त्या गाडीस मिळत असे. सारांश, मोटार व ट्रॅक्टर या दोहोंचें काम एकट्या जीपनें करावें, असा त्या कंपनीचा मनसुबा होता. तो पुरता साधला नाहीं. नांगरटीचें काम अखेर ट्रॅक्टरचेंच ठरलें, आणि जीपकडे उरलें तें माणसें व माल अडचणीच्या वाटेनें नेण्याचें काम. आजही तिची खरी जागा तीच आहे.

आपल्या देशांतील जीप

२ ऑक्टोबर १९४५ रोजीं जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्रा या बंधूंनीं मलिक गुलाम महंमद यांच्यासह लुधियाना येथें महिंद्रा अँड महंमद नांवाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले, तेथें अर्थमंत्री व पुढें गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ सालीं कंपनीचें नांव महिंद्रा अँड महिंद्रा असें ठेवण्यांत आलें. १९४९ सालीं मुंबईस माझगांव येथें परदेशांतून आलेले सुटे भाग जोडून जीप तयार होऊं लागली. त्या वेळीं आमचा बीड जिल्हा निजामाच्या अमलांतून नुकताच मुक्त झाला होता. १९५४ पासून विलीस कंपनीच्या सहकार्यानें जीपचे एकेक भाग येथेंच घडविण्याचा क्रम सुरू झाला. १९६३ सालीं इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या भागीदारींत ट्रॅक्टरची निराळी कंपनी निघाली, आणि जीप व ट्रॅक्टर यांच्या वाटा आपल्याकडेही अशा वेगळ्या झाल्या.

प्रथम या जीपी पेट्रोलवर चालत. १९७५ च्या सुमारास त्यांत डिझेलचें इंजिन आलें. १९७९ सालीं फ्रान्सच्या पेझो कंपनीकडून डिझेल इंजिन बनविण्याचा परवाना घेण्यांत आला, आणि तें इंजिन बसविलेल्या एमएम ५४० जातीच्या जीपी कचेऱ्यांतून व गांवोगांवीं दिसूं लागल्या. लांब सांगाड्याच्या कमांडर गाडीनें तर काळी-पिवळी होऊन आमच्या खेड्यांतील माणसें बाजारास, कचेरीस व लग्नकार्यास वर्षानुवर्षें पोहोंचविलीं. २००० सालीं बोलेरो, २००२ सालीं नाशिकच्या कारखान्यांतून स्कॉर्पिओ, २०१० सालीं थार आणि २०२० सालीं नव्या घाटाची थार, असा पुढचा क्रम आहे.

येथें एक भ्रम दूर करणें जरूर आहे. गाडी उंच व दणकट दिसली म्हणजे तिच्या चारही चाकांस इंजिनाचा जोर असतो, असें नव्हे. आमच्या रस्त्यांवरील बोलेरो व स्कॉर्पिओ बहुतेक मागच्या दोन चाकांवरच चालणाऱ्या आहेत, आणि २०२३ पासून थार गाडीचाही दोन चाकांच्या जोराचा प्रकार निघाला आहे. म्हणून नांवावर न जातां, पुढच्या चाकांस जोर आहे कीं नाहीं, हें आधीं विचारावें.

चारही चाकांचा जोर म्हणजे काय

साध्या मोटारींत इंजिनाचा जोर गिअरच्या पेटींतून निघून दोनच चाकांस मिळतो. जीपमध्यें त्या पेटीमागें आणखी एक लहान पेटी असते. तिच्यांतून एक दांडा मागच्या आंसाकडे व दुसरा पुढच्या आंसाकडे जातो, आणि चालकाजवळच्या कळीनें पुढचा आंस जोडतां किंवा सोडतां येतो. याच पेटींत मंद गतीचीही सोय असते. ती लावली कीं जुन्या जीपचीं चाकें सुमारें अडीच पट सावकाश फिरतात, आणि ओढ त्याच मानानें वाढते. दोन बैलांच्या ठिकाणीं चार जुंपावे आणि त्यांस पाऊल मोजून चालवावें, तसाच हा प्रकार आहे.

परंतु या सोयीस मर्यादा आहेत. वळण घेतांना पुढचीं चाकें मागच्या चाकांहून मोठा फेरा घेतात. जुन्या जीपमध्यें पुढचा आंस जोडला म्हणजे दोन्ही आंस एकमेकांस घट्ट बांधले जातात, आणि हा फरक चाकांनीं घसरूनच भरून काढावा लागतो. चिखलांत चाक सहज घसरतें, म्हणून तेथें निभतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर तें घसरत नाहीं, आणि सारा पीळ पेटींतील दात्यांवर पडतो. यास्तव डांबरी रस्ता लागतांच पुढचा आंस सोडून द्यावा.

दुसरें असें कीं, एका आंसाचीं दोन चाकें वळणावर कमीअधिक फिरूं शकावींत म्हणून आंसाच्या मध्यें दात्यांचा गोळा असतो. एक चाक खडकावर व दुसरें चिखलांत असलें तर चिखलांतलें चाक गरगर फिरतें आणि खडकावरचें उभें राहतें. दोन्ही आंसांचें एकेक चाक असें सुटलें, कीं चारही चाकांच्या जोराची जीपसुद्धां जागची हालत नाहीं.

तिसरी मर्यादा आमच्या काळ्या जमिनीची आहे. पाऊस पडतांच ती फुगते व चिकटते. टायरच्या खांचा भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. अशा वेळीं चार चाकें म्हणजे चार खड्डे, एवढाच हिशेब उरतो. वापसा आल्यावांचून आपण रानांत कुळव घालीत नाहीं, तशीच जीपही घालूं नये.

आमची खरेदी व आमची रोजकीर्द

सेवानिवृत्तीनंतर आम्ही एका दलालामार्फत जुनी एमएम ५४० घेतली. तीस वर्षें दुसऱ्यांचे उतारे तपासले. स्वतःच्या वेळीं मात्र नव्या रंगास भुललों. गाडी नांवावर करावयास गेलों तेव्हां समजलें कीं, गाडींतील इंजिनाचा क्रमांक आणि नोंदणीपुस्तकांतील क्रमांक यांचा मेळ नाहीं. मधल्या कोणा मालकानें इंजिन बदललें होतें व त्याची नोंद करविली नव्हती. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ याचा रोख असा आहे कीं, नोंदींतील तपशिलाशीं न जुळणारा फेरबदल मंजुरीवांचून करतां येत नाहीं. कागद सुरळीत होण्यास चार महिने लागले, आणि तेवढा काळ गाडी गोठ्याशेजारीं उभी राहिली. दलालाचा दोष खराच. पण फेरफार न पाहतां खरेदीखत करणाराही कांहीं निर्दोष नसतो.

त्यानंतर आम्ही एक वही घातली, आणि जुन्या संवयीप्रमाणें महसुली वर्ष धरून, म्हणजे १ ऑगस्ट २०२४ पासून ३१ जुलै २०२५ पर्यंत, गाडीची प्रत्येक फेरी तींत टिपली. वर्षाअखेर फेऱ्या २३१ भरल्या. त्यांपैकीं १४८ डांबरी रस्त्यानें बाजार, बँक, दवाखाना व सोयरेधायरे यांच्याकडे झाल्या. ६४ फेऱ्या शेतवाटेनें, पण कोरड्या दिवसांत झाल्या. तेथें दोन चाकांचा जोर पुरला. राहिल्या १९. तेवढ्याच फेऱ्यांत पुढचा आंस जोडावा लागला. हे आंकडे आमच्या एका घरचे आहेत, पण ज्यांनीं अशी वही ठेवलेली नाहीं त्यांनीं ती ठेवून पाहावी.

आतां त्या १९ फेऱ्यांपैकीं एकीची हकीकत सांगतों. सप्टेंबरांतील एका रात्रीं आमच्या सूनबाईस कळा सुरू झाल्या. दिवसभर पाऊस लागलेला, आणि गांवाबाहेरच्या ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतें. चिरंजीवांनीं गाडी पाण्याशीं आणून उभी केली आणि म्हणाले, "आबा, जीप आहे, निघून जाऊं." आम्ही म्हणालों, "जीप आहे, नाव नव्हे. मागें फिरा." वाहतें पाणी गुडघाभर दिसलें तरी गाडी लोटून नेऊं शकतें, आणि त्याखालीं फरशी शाबूत आहे कीं वाहून गेली आहे, हें अंधारांत दिसत नाहीं. आम्ही मागें फिरलों, आणि माळावरच्या मुरमाड गाडीवाटेनें दोन कोसांचा वळसा घेऊन मंद गतीनें निघालों. वाटेंत दोन ठिकाणीं चिखल लागला, तेथें एका जागीं चाकांखालीं पोतीं टाकावीं लागलीं. उजाडण्यापूर्वीं दवाखाना गांठला, आणि आम्हांस नात झाली. त्या फेरीचें डिझेल आम्हीं वहींत लिहिलें आहे. तिचें उत्पन्न कोणत्या रकान्यांत लिहावें, तें मात्र आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

इतरांचे अनुभव

पाटोद्याकडे बालाघाटाच्या माळावर आमच्या परिचयाचे एक दूधवाले गृहस्थ आहेत. त्यांची जुनी जीप वीस वर्षांवर दुधाचीं कॅनें वाहत आहे. दर पावसाळ्यानंतर आंसांतील तेल पाहावें, तें दुधाळ झालें असल्यास आंत पाणी शिरलें आहे असें समजून लागलींच बदलावें, आणि पाटे, सांधे यांस वेळच्या वेळीं ग्रीस द्यावें, एवढेच त्यांचे नेम आहेत. याउलट गोदाकांठच्या एका बागाईतदार नातलगांनीं कर्ज काढून नवी, चारही चाकांच्या जोराची गाडी घेतली. घरापासून तालुक्यापर्यंत डांबरी रस्ता, आणि शेतांत जाण्यास ट्रॅक्टर होताच. दोन वर्षांत पुढचा आंस जोडण्याची वेळ त्यांस आली नाहीं. हप्त्याची मात्र दरमहा आली. एक वर्ष उसाचें गणित चुकलें आणि गाडी विकावी लागली. दोन्ही गाड्या आपल्या परी उत्तमच होत्या. एकीस तिचें काम मिळालें, दुसरीस मिळालें नाहीं.

घेतांना काय पाहावें

ज्यांस जुनी जीप घ्यावयाची असेल त्यांनीं गट नंबर व चतुःसीमा पाहाव्या त्याप्रमाणें सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक स्वतः वाचून नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावे. पुस्तकांत कर्जाचा बोजा आहे काय, विमा चालू आहे काय, हेंही पाहावें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन ती दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते, हा खर्च किंमतींत धरावा. पूर्वीं कचेऱ्यांच्या जुन्या जीपी लिलावांत मिळत. परंतु १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी नवी होत नाहीं व त्या मोडींत काढावयाच्या असतात. तेव्हां कोणी स्वस्तांत सरकारी जीप देऊं करील तर सावध असावें. शेवटीं गाडी ओल्या मातींत नेऊन पुढचा आंस जोडून व मंद गति लावून पाहावी. नुसती डांबरी रस्त्यावर फिरवून घेणें म्हणजे बैल औतास न लावतां विकत घेणें होय.

आमचें मत असें झालें आहे कीं, चारही चाकांच्या जोराची गाडी त्या १९ फेऱ्यांसाठीं घ्यावी. बाकीच्या फेऱ्यांसाठीं तिचा खर्च सोसणें शहाणपणाचें नाहीं. ज्याच्या वस्तीस पावसाळ्यांत वाट नाहीं त्यास ती चैन नसून गरज आहे. पण अशा वस्तीवर दहा घरांच्या दहा गाड्या कशास हव्यात? एक असावी, अडल्या वेळीं ती सर्वांची असावी, आणि दहा घरांनीं मिळून पाणंदीवर मुरूम पाडून घ्यावा. पाणंद पक्की झाली तर त्या १९ फेऱ्यांच्या पांच होतील. आमच्या वस्तीवरील मंडळींनीं येत्या उन्हाळ्यांत हें काम हातीं घेण्याचें ठरविलें आहे. तें तडीस गेल्यास पुढील वर्षाच्या वहींत त्याचा परिणाम काय दिसतो, तें वाचकांस अवश्य कळवूं.