‘लक्षणीय परिणाम नाही’ म्हणजे नेमके काय?

लसूणघास आपल्याकडच्या दूध उत्पादकांना नवी नाही. काही भागांत तिला मेथीघासही म्हणतात. एकदा पेरली की अनेक कापण्या देणारे हे द्विदल चारापीक अमेरिकेत ‘अल्फाल्फा’ या नावाने ओळखले जाते. याच पिकावरून तिथे एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वाद होता तो सरकारी कागदावरच्या एका निष्कर्षाचा.

अमेरिकेत १९७० पासून राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा लागू आहे. सरकारी खात्याने कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी त्याचा पर्यावरणावरील परिणाम तपासावा, असे हा कायदा सांगतो. कृषी खात्याच्या योजनाही त्यातून सुटत नाहीत. या तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली ‘वर्गवार सूट’. इमारतींची किरकोळ दुरुस्ती किंवा नेहमीची कार्यालयीन कामे यांचा पर्यावरणावर मोठा परिणाम होत नाही, असे अनुभवाने ठरलेले असते. अशा कामांना तपशीलवार तपासणीची गरज नसते. मात्र परिस्थिती असाधारण असेल, तर ही सूट मिळत नाही.

दुसरी ‘पर्यावरणीय आढावा’. परिणाम कितपत गंभीर असेल याची खात्री नसते, तेव्हा हा तुलनेने छोटा अभ्यास केला जातो. त्यात काळजीचे कारण आढळले नाही, तर खाते ‘लक्षणीय परिणाम नाही’ असा निष्कर्ष जाहीर करते आणि काम पुढे जाते.

तिसरी ‘पर्यावरणीय परिणाम अहवाल’. परिणाम लक्षणीय असण्याची शक्यता असेल, तर हा सविस्तर अहवाल बंधनकारक ठरतो. त्यात वेगवेगळे पर्याय मांडावे लागतात, अगदी ‘काहीच न करणे’ हासुद्धा. २०२५ पर्यंत मसुद्यावर लोकांची मतेही मागवावी लागत.

लसूणघासीचे प्रकरण दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये अडकले. ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे जनुकीय बदल केलेले वाण २००५ मध्ये कृषी खात्याने निर्बंधमुक्त केले. त्यासाठी केवळ आढावा घेऊन ‘लक्षणीय परिणाम नाही’ असे जाहीर केले होते. बियाणे उत्पादक आणि काही संघटना न्यायालयात गेल्या. या पिकाचे परागीभवन मधमाश्या करतात आणि मधमाश्यांना बांध दिसत नाही. शेजारच्या शेतातले जनुक सेंद्रिय चाऱ्याच्या पिकात शिरले, तर त्या शेतकऱ्याची बाजारपेठच जाते. शिवाय तणनाशकाला न जुमानणारे तण वाढण्याची भीती वेगळी.

२००७ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने सविस्तर अहवाल आवश्यक असल्याचे सांगून नव्या लागवडीला बंदी घातली. तोवर सुमारे ३ हजार शेतकऱ्यांनी अंदाजे २ लाख २० हजार एकरांवर हे वाण लावले होते. जून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी ही सरसकट बंदी उठवली. खात्याला मर्यादित परवानगीचा विचार करण्याची मुभा हवी होती, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सविस्तर अहवाल आला. काही भागांत निर्बंध ठेवून आणि शेतांमध्ये ठरावीक अंतर राखून परवानगी देणे, हा पर्यायही त्यात तपासला होता. तरीही जानेवारी २०११ मध्ये खात्याने वाण पूर्णपणे निर्बंधमुक्त केले.

मग एवढ्या खटाटोपातून साधले काय? हा कायदा निर्णय कोणता घ्यावा हे सांगत नाही; डोळे उघडे ठेवून घ्यावा, एवढेच सांगतो. धोके आणि पर्याय लोकांसमोर आले, ते या आग्रहामुळेच. २०२३ च्या दुरुस्तीने आढाव्याला ७५ पाने व एक वर्ष, तर अहवालाला साधारणपणे १५० पाने व दोन वर्षे अशी मर्यादा घातली. त्यामुळे थोडक्या जागेत काय तपासले जाते आणि काय सुटते, याला अधिकच महत्त्व आले आहे.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. जनुकीय बदल केलेल्या मोहरीला केंद्रीय समितीने २०२२ मध्ये पर्यावरणात सोडण्यासाठी मंजुरी दिली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या मंजुरीवर परस्परविरोधी निकाल दिले. अशा पिकांसाठी राष्ट्रीय धोरण हवे, यावर मात्र दोघांचेही एकमत झाले. कोणत्याही मंजुरीच्या कागदावर ‘परिणाम नाही’ असे दिसले, तर वाचकाने एकच विचारावे: परिणाम शोधला आणि सापडला नाही, की शोधलाच नाही?