विश्लेषण : जुन्या कर्जापोटी सरकारी अनुदान बँक कापू शकते का?

कारंजा तालुक्यातील धनजसारख्या सोयाबीन-कपाशीच्या गावांत सरकारचा पैसा आता एकाच वाटेने घरात येतो, ती वाट म्हणजे बँक खाते. पीएम किसानचा २००० रुपयांचा हप्ता, लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये, निराधारांचे अनुदान, अतिवृष्टीची मदत, सगळे आधार जोडलेल्या खात्यात जमा होते. अडचण अशी, की अनेकांचे थकीत कर्जही त्याच बँकेत असते. मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो आणि काढायला गेले, की ‘खात्याला होल्ड आहे’ असे उत्तर मिळते. हे कायदेशीर आहे का?

नेमके काय घडते?

तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात. पहिली, होल्ड. यात पैसे खात्यातच राहतात, पण काढता येत नाहीत. दुसरी, वळती. यात रक्कम थेट कर्जखात्यात जाते. तिसरी, किमान शिल्लक नसल्याचा दंड. याचा कर्जाशी संबंध नसतो. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. त्यामुळे आधी पासबुक भरून घ्यावे आणि कपातीसमोर काय लिहिले आहे ते पाहावे.

बँकेला हा अधिकार कुठून मिळतो?

एकाच व्यक्तीचे बँकेकडे येणे आणि देणे असेल, तर बँक दोन्हींची वजावट करू शकते. हे तत्त्व बँक व्यवहारात जुने आहे आणि कर्जाच्या कागदपत्रांतही बहुधा तसे कलम असते. मात्र त्याला एक महत्त्वाची मर्यादा आहे. बचत खाते आणि कर्ज एकाच व्यक्तीच्या नावावर असावे लागते. नवऱ्याच्या नावावरचे पीककर्ज थकले, म्हणून बायकोच्या स्वतंत्र खात्यातले १५०० रुपये बँकेला घेता येत नाहीत. ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल, तर प्रश्न वेगळा. म्हणून सही नेमकी कशावर केली होती, हे आधी तपासावे लागते.

मग सरकारी आदेशांचे काय?

लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते मिळून ३००० रुपये ऑगस्ट २०२४ मध्ये जमा झाले. काही बँकांनी ते थकबाकी किंवा दंडापोटी कापल्याच्या तक्रारी आल्यावर, अशी कपात करू नये, असे राज्य सरकारने बँकांना सांगितले. अतिवृष्टी आणि अवकाळीच्या मदतीच्या शासन निर्णयांतही मदतीच्या रकमेतून बँकांनी कोणतीही वसुली करू नये, अशी अट असते. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती मिळते.

तरीही प्रकार घडतात, कारण कपात अनेकदा संगणक प्रणालीतून आपोआप होते. खाते थकीत म्हणून नोंदलेले असेल, तर आलेला पैसा मजुरीचा की मदतीचा, हे प्रणाली विचारत नाही. आदेश कागदावर असतो. होल्ड मात्र शाखेतील माणसाने काढावा लागतो.

निवृत्तिवेतनाला जास्त संरक्षण का?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार सरकारी निवृत्तिवेतनावर जप्ती आणता येत नाही. ‘राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले, की निवृत्तीचे पैसे बँकेत जमा झाल्यावरही त्यांचे स्वरूप बदलत नाही. कल्याणकारी अनुदानाला मात्र हा निकाल आपोआप लागू होत नाही. त्याचे संरक्षण मुख्यतः शासन निर्णयांवर आणि सूचनांवर उभे आहे.

कर्ज जुने झाले की संपते का?

नाही. मुदत कायद्यानुसार साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो. ती मुदत गेली, तरी दाव्याचा मार्ग बंद होतो, कर्ज मिटत नाही. सरकारला स्वतःच्या येण्यासाठी दावा करायला तब्बल ३० वर्षे मिळतात. शिवाय १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांखाली दिलेली तगाई जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते.

इथे एक सावधगिरी हवी. मुदत संपलेले कर्ज फेडीन, असे लेखी दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार ते वचन पुन्हा बंधनकारक ठरू शकते. ‘होल्ड काढायचा आहे, इथे सही करा’ असे सांगितले, तर कागद वाचल्याशिवाय सही करू नये.

इतरत्र काय पद्धत आहे?

ब्रिटनमध्ये सरकारच गरजूंना कर्ज देते आणि पुढच्या भत्त्यातून ते कापून घेते. पण तिथे मर्यादा ठरलेली आहे. युनिव्हर्सल क्रेडिट या भत्त्यातून होणाऱ्या कपातीची कमाल मर्यादा मूळ रकमेच्या २५ टक्के होती. एप्रिल २०२५ पासून ती १५ टक्क्यांवर आणली गेली. वसुली होते, पण घरखर्च पूर्ण बंद पडत नाही. आपल्याकडे अनुदानाला कपातीपासून दूर ठेवण्याचे आदेश आहेत. ते मोडले गेले तर मात्र हप्ता संपूर्णच अडकतो.

हप्ता अडकला तर काय करावे?

शाखेत तोंडी भांडण्यापेक्षा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. कोणत्या योजनेचे किती पैसे, कोणत्या तारखेला अडवले आणि कोणत्या नियमाखाली, हे त्यात विचारावे. पासबुकाची प्रत जोडावी. अर्जाची एक प्रत जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांना आणि तहसील कार्यालयाला द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर व्यापारी आणि ग्रामीण बँकांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मदत क्रमांक १४४४८ आहे. जिल्हा बँक किंवा सेवा सोसायटीची तक्रार वाशिमच्या जिल्हा उपनिबंधकांकडेही नेता येते.

पुढचे हप्ते सुरक्षित ठेवण्याचा मार्गही आहे. आधारवर आधारित अनुदान ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी जोडला गेला, तिथे जाते. म्हणून जिथे कर्ज नाही, अशा बँकेत किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खाते उघडून आधार जोडता येतो. पेमेंट्स बँकेला स्वतः कर्ज देण्याची परवानगीच नाही. त्यामुळे तिथे तिच्या कर्जाच्या वजावटीचा प्रश्न येत नाही.

खाते बदलल्याने कर्ज मात्र जात नाही. व्याज वाढतच राहते. पुनर्गठन किंवा एकरकमी तडजोड होऊ शकते का, हे बँकेला स्वतंत्रपणे विचारावे. कर्जफेडीचा हिशेब कर्जखात्यात व्हावा, किराण्याच्या आणि औषधाच्या पैशात नव्हे.