दोन जिवांची काळजी : झिका विषाणू आणि गर्भावस्था

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत भाषेच्या एका निवृत्त प्राध्यापकाने विषाणूविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु शाळेचे कार्य अक्षरओळखीपाशी संपत नाही. घराघरांत विवेक पोहोचविणे हेही तिचेच कार्य होय. शिवाय हा विषय आता आपल्या उंबरठ्याशी आलेला आहे.

१९४७ साली युगांडातील झिका नामक अरण्यात एका माकडाच्या रक्तात हा विषाणू प्रथम आढळला आणि त्या अरण्याचेच नाव त्याला मिळाले. तो जडला तरी सौम्य ताप, अंगावर पुरळ, डोळ्यांची लाली आणि सांधेदुखी यापलीकडे काही होत नाही, असा समज अनेक दशके होता. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये असाधारण लहान मस्तकाची बालके मोठ्या संख्येने जन्मास येऊ लागली, तेव्हा तो समज ढळला. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी घोषित केली.

महाराष्ट्रात पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी आढळला. त्याच वर्षीच्या रक्तनमुन्यांची पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासणी केली असता आपल्या तेलंगणातही हा विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. पुढे जून २०२४ मध्ये पुण्याच्या एरंडवणे भागात साथ सुरू झाली. त्या वर्षी महाराष्ट्रात १४० रुग्णांची नोंद झाली आणि त्यांत गर्भवतींची संख्या लक्षणीय होती. ३ जुलै २०२४ रोजी केंद्र शासनाने सर्व राज्यांना गर्भवतींची तपासणी करण्याची व बाधित मातांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवण्याची सूचना दिली.

गर्भवतीची एवढी चिंता कशासाठी? मातेच्या रक्तातील हा विषाणू वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचू शकतो आणि तेथे तो घडत असलेल्या मेंदूच्या पेशींवरच आघात करतो. त्यामुळे मेंदूची वाढ खुंटते. दृष्टी व श्रवण यांत दोष राहतात, सांधे आखडतात, आकडीचा विकार जडतो. क्वचित गर्भपात, मृतजन्म वा अकाली प्रसूतीही संभवते. पहिल्या तीन महिन्यांत धोका सर्वाधिक, तथापि पुढेही तो पूर्णतः टळत नाही. बाधित मातांच्या बालकांपैकी सुमारे ५ ते १५ टक्के बालकांत अशी व्यंगे आढळतात. म्हणजे बहुसंख्य बालके निरोगी जन्मतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

या रोगाची खरी कठीण बाजू म्हणजे त्याचे मौन. लागण झालेल्या पाचांपैकी चौघांना कोणतेही लक्षण जाणवत नाही. आईला साधी कणकणही न येता गर्भाला इजा पोहोचू शकते. म्हणून साथीच्या परिसरातील गर्भवतीने ताप येण्याची वाट न पाहता वैद्यांचा सल्ला घ्यावा. रक्त व लघवी यांच्या तपासणीने निदान होते. मात्र ती लागणीनंतर लवकर व्हावी लागते. लागण ठरल्यास ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून गर्भाच्या मस्तकाची वाढ पाहिली जाते. यावर रामबाण औषध नाही आणि मान्यताप्राप्त लसही अद्याप नाही. तापासाठी वैद्यांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या टाळाव्यात.

हिवतापाच्या परजीवीचा डासातील ठाव रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी लागला, तो आपल्या शेजारच्या सिकंदराबादेत. परंतु तो डास निराळा, हा निराळा. झिका पसरविणारा एडीस डास दिवसा चावतो. त्यामुळे केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरेशी नाही. हिमायतनगरात राहणाऱ्या आपण डासांचा दोष हुसेनसागराला देतो; एडीस मात्र आपल्या घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. कूलर, पिंप, कुंडीखालची बशी, गच्चीवरील उघडी टाकी ही त्याची सूतिकागृहे. त्याची अंडी कोरड्या भांड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासावीत. हा विषाणू शरीरसंबंधातूनही पसरतो. तेव्हा साथ असलेल्या गावाहून आलेल्या पतीने पत्नीच्या गर्भारपणात संयम अथवा निरोध पाळावा. हे सांगण्यात संकोच नसावा.

आपल्या भाषेत गर्भवतीला ‘दोन जिवांची’ म्हणतात. त्या दोन्ही जिवांचा भार मात्र आपण एकटीवर टाकतो आणि मूल सव्यंग जन्मले तर बोलही तिलाच लावतो. ग्रहणात काय केले, डोहाळे कसले लागले, याची चौकशी होते. शेजारच्या गच्चीवरील पाण्याची होत नाही. एडीस फार दूर उडत नाही; तो बहुधा आपल्या वा शेजाऱ्याच्या घरचाच असतो. म्हणून गर्भिणीचे रक्षण हे साऱ्या आळीचे कर्तव्य ठरते. या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने आठवड्यातील एक दिवस आपल्या घरच्या पाण्यासाठी राखून ठेवावा, एवढीच विनंती.