लिनक्स सर्व्हरवरील आभासी यंत्रांच्या व्यवस्थापनातील दोष व त्यांचे निदान

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, चालविण्याची पद्धत आता महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही रूढ झाली आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएमचा समावेश झाला आणि ही सोय कर्नलमध्येच उपलब्ध झाली. व्यवस्थापनात दोष उद्भवल्यास सर्व्हरच पुन्हा सुरू करण्याकडे सर्वसाधारण कल असतो. तो धोक्याचा का आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

प्रत्येक आभासी यंत्र ही सर्व्हरवरील क्यूएमयूची एक स्वतंत्र प्रक्रिया असते. लिबव्हर्ट ही सेवा केवळ तिचे व्यवस्थापन पाहते, तर व्हर्श हे त्या सेवेला आज्ञा देण्याचे साधन होय. म्हणून व्यवस्थापक बोलेनासा झाला म्हणजे यंत्रे बंद पडली, असे समजू नये. लिबव्हर्टची सेवा थांबली तरी चालू यंत्रे सामान्यतः चालूच राहतात.

प्रस्तुत लेखकाच्या प्रयोगशाळेत एका सकाळी व्हर्शने यंत्रांची यादी पूर्णपणे रिकामी दाखविली. एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पाची गणना तीन दिवसांपासून त्यांपैकी एका यंत्रावर चालू होती. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा, असे मत पडले. तत्पूर्वी 'पीएस' आज्ञेने प्रक्रिया तपासल्या असता क्यूएमयूच्या सर्व प्रक्रिया जागेवर आढळल्या! दोष इतकाच, की आज्ञा सामान्य वापरकर्ता म्हणून दिली गेली होती. अशा वेळी व्हर्श त्या वापरकर्त्याच्या 'सेशन' जोडणीकडे जाते; मूळ यंत्रे मात्र 'सिस्टिम' जोडणीखाली नोंदलेली असतात. जोडणीचा स्पष्ट उल्लेख करताच संपूर्ण यादी दिसली.

यंत्र 'पॉज्ड' अवस्थेत आढळल्यास प्रथम 'डीएफ' आज्ञेने सर्व्हरच्या डिस्कवरील मोकळी जागा पाहावी. क्यूकाउ-२ प्रकारची डिस्क-फाइल आरंभी लहान असते व वापराबरोबर वाढत जाते. पाचशे जीबीच्या डिस्कवर प्रत्येकी चाळीस जीबीची वीस यंत्रे सहज निर्माण करता येतात. अडचण नंतर उभी राहते. जागा संपली की क्यूएमयू यंत्र थांबवून ठेवते. हा बिघाड नसून संरक्षण आहे. 'डोमब्लकएरर' या आज्ञेने कारणाची खात्री करावी, जागा मोकळी करावी व 'रिझ्यूम' आज्ञा द्यावी. जागा मोकळी करताना डिस्क-फाइलींना हात लावू नये, हे सांगणे अनावश्यक वाटेल, पण घाईत तेच घडते.

आज्ञांची नावेही फसवी आहेत. 'डिस्ट्रॉय' ही आज्ञा डिस्क नष्ट करीत नाही, ती केवळ यंत्राचा वीजपुरवठा तोडल्यासारखे करते. 'अनडिफाइन' हे सौम्य भासणारे नाव मात्र यंत्राची नोंदच काढून टाकते. त्यामुळे ही आज्ञा देण्यापूर्वी 'डम्पएक्सएमएल'द्वारे नोंदीची प्रत अन्यत्र जतन करावी.