लेखांक नववा : दहा पिढ्यांचा हिशेब

सिझेरियन आणि बाळाच्या डोक्याचा घेर हा विषय आज घ्यायचा ठरला होता. तो पुढे ढकलतो, कारण चंद्रपूरकडच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. बाई विचारतात, ‘माणसात नैसर्गिक निवड अजून चालू आहे म्हणता, मग आमच्याकडचा सिकलसेल का जात नाही? वर्गात दरवर्षी एखादं एसएसचं लेकरू असतंच.’

विदर्भाबाहेरच्यांसाठी : सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. सिकलचं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आलं तर एएस, म्हणजे वाहक.

हे जनुक पोसलं हिवतापानं. हे दाखवून देणारा संशोधक अँथनी अ‍ॅलिसन केनियात लहानाचा मोठा झाला. १९४९ मध्ये ऑक्सफर्डच्या मोहिमेबरोबर तो तिथे परतला, तेव्हा किनाऱ्यालगत आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी त्याला सिकलवाले पुष्कळ आढळले, डोंगराळ भागात अगदी तुरळक. डास कुठे असतात हे त्याला कुणी सांगायला नको होतं. १९५४ साली त्यानं युगांडातल्या मुलांचे आकडे छापले : ४३ सिकलवाल्या मुलांपैकी १२ जणांच्या रक्तात हिवतापाचे जंतू, बाकीच्या २४७ पैकी ११३ जणांच्या. एसएस मुलं दगावली की जनुक गळायचं, हिवतापातून तगलेल्या एएस मुलांमधून ते भरून निघायचं.

पण समजा, उद्या हिवताप गेला. मग तरी जनुक जाईल का? कागद घ्या. एखाद्या गावात या जनुकाच्या दर दहा प्रतींमागे एक सिकलची आहे असं धरा. शंभर माणसं, म्हणजे दोनशे प्रती; त्यांतल्या वीस सिकलच्या. एसएस माणूस शंभरात साधारण एकच निघतो, त्याच्याकडे दोन प्रती. उरलेल्या अठरा अठरा वाहकांकडे, आणि वाहक ठणठणीत असतात. राबतात, लग्नं करतात, त्यांना मुलं होतात. निवडीचा हात पोचतो तो त्या दोन प्रतींपर्यंतच. एकाही रुग्णाला मूल झालं नाही असं धरलं, तरी दहात एकचं प्रमाण विसात एकवर यायला दहा पिढ्या लागतात. म्हणजे अडीचशे वर्षं. तेवढंच मागे गेलं तर आपण बारभाईंच्या कारस्थानाजवळ पोचतो. त्यात आता हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधानं रुग्ण पूर्वीपेक्षा जास्त जगतात, संसार करतात.

याहून मजेची गोष्ट लग्नाची. जुलै २०२३ मध्ये शहडोलहून सिकलसेलविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली : सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत आजार हद्दपार. दोघंही एएस असतील तर दर खेपेला बाळ एसएस निघण्याची शक्यता चारात एक, म्हणून लग्नाआधी तपासणीची कार्डं जुळवून पाहा, असं तिथे सांगतात. एएसनं बिनसिकलच्याशी लग्न केलं तर एसएस बाळ जन्मतच नाही. मग त्या दोन प्रतीही गळत नाहीत! आजार हटतो, जनुक होतं तिथेच राहतं. मोहीम जितकी फत्ते, तितकी या जनुकावरची निवड थंड. मला यात काहीच वावगं दिसत नाही. निरोगी वाहकाचं जनुक खोडून काढायची हौस कुणाला असलीच, तर ती त्यानं स्वतःपाशी ठेवावी.

अर्थात गडचिरोलीतून हिवताप गेलेला नाही. तिथे एएसपणाचा फायदा अजून शिल्लक आहे, आणि वेळेवर रक्त तपासून गोळी मिळाली की तो उणावतो. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरानं भामरागडची वाट बंद झाली की त्याला पुन्हा मोल येतं. निवड चालू की बंद, हे एकाच तालुक्यात ऋतूगणिक बदलू शकतं.

बाईंचा दुसरा प्रश्न : सिकलवाल्यांना हिवताप होतच नाही, हे खरं का? नाही. एएसला होतो, फक्त सहसा जिवावर बेतत नाही. एसएसच्या लेकराला मात्र तो फार जड जातो. त्याला मच्छरदाणी हवीच, आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.